निर्मळच्या वाटेवरची वाडी

केळ्याला नाव असते ही गोष्ट मुंबईकर हळूहळू विसरत चालला आहे. केळे म्हणजे केळे: पिवळेधमक, एकसारख्या लांबीचे, कुशीवर एक छोटीशी चिकटपट्टी मिरविणारे आणि दुकानातल्या थंड कपाटात सहासहाच्या संख्येने पहुडलेले. आमच्या सासूबाईंच्या पिढीला ‘केळी आणा’ एवढे सांगून भागत नसे. नैवेद्याला वेलची, शिकरणीला बसराई, तुपात परतायला राजेळी, असा निवाडा आधी होई. मग फणीतले एक केळे अंगठ्याने हलकेच दाबून पाहिले जाई, आणि त्यानंतर भावाची बोलणी सुरू होत.

आता त्या नातवाच्या फोनवर भाजीची चित्रे पाहतात. ‘दहा मिनिटांत दारात’ अशी त्या दुकानदार मंडळींची प्रतिज्ञा असते आणि, खरे सांगायचे तर, ती बहुधा पाळलीही जाते. पाठीवर चौकोनी पेटी बांधलेला एखादा घामाघूम मुलगा घंटी वाजवतो, पिशवी ठेवतो, आणि आपण ‘पाणी घेतोस का रे?’ असे विचारीपर्यंत दोन जिने उतरून गेलेला असतो. सासूबाई पिशवी उघडतात, कोथिंबीर नाकाशी नेतात आणि दर वेळी एकच प्रश्न विचारतात, “अगं, पण ह्यात कढीपत्ता वर मागायचा तो कुणाकडे?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा आहे, पण मला तो हसण्यावारी नेता येत नाही. वर घातलेल्या कढीपत्त्याच्या दोन काड्या हिशेबात कुठेच नसत. त्या ओळखीच्या असत. ज्याच्याशी ओळख नाही त्याच्याकडे वर काही मागता येत नाही आणि सडका टोमॅटो दुसऱ्या दिवशी परत नेऊन “हे काय दिलंस?” असे खडसावताही येत नाही. हल्ली सडक्या टोमॅटोचे छायाचित्र पाठवले की पैसे निमूट परत येतात. भांडण नाही, म्हणून समजूतही नाही.

मी या दुकानांविरुद्ध काही मोहीम काढलेली नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येऊन पडले की रात्री नऊ वाजता दही आणि कोथिंबीर दारात आणून देणाऱ्याला मीही मनातून दुवा देते. माझी तक्रार एवढीच की या भाजीला गाव नसते. आमच्या पार्ल्यात भाजीला गाव असे, आणि पुष्कळदा त्या गावाचे नाव वसई असे.

गेल्या कार्तिकात त्या गावाला जाण्याचा योग आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडची. मराठी घेऊन बी. ए. झाली आणि आता अंधेरीला एका कचेरीत नोकरी करते. “बाई, निर्मळची यात्रा लागलीय. या ना. आमची वाडीही बघाल,” असे तिने इतक्या वेळा म्हटले होते की यंदा नाही म्हणणे बरे दिसले नसते.

सकाळी विरारकडे जाणाऱ्या गाडीत चक्क बसायला जागा मिळते. सारे जग चर्चगेटकडे धावत असताना आपण उलट्या दिशेने, खिडकीशी, पाय पसरून. या मार्गावर १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली. तेव्हापासून रोज पहाटे वसईची केळी, पाने, फुले आणि दूध मुंबईकडे निघत आले. भाईंदर मागे पडले की खाडीवरचा पूल लागतो. दोन्ही अंगांना पाणी, कडेला तिवरांची गर्द हिरवी किनार, आणि आरपार येणारा खारा वारा. पलीकडे नायगाव आले म्हणजे आपण वसई तालुक्यात. चिमाजीअप्पांनी १७३९ साली जो किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला तो याच खाडीच्या तोंडाशी आहे. शाळेच्या सहली तिथे जातात, तट बघतात, डबे खातात आणि परततात. किल्ल्याच्या उत्तरेला मैलोगणती पसरलेल्या वाड्या मात्र सहलीच्या कार्यक्रमात नसतात.

नालासोपाऱ्याला उतरले. या स्थानकाबाहेरची गर्दी वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको आणि ज्याने पाहिली नाही त्याचा विश्वास बसणार नाही. २०११ च्या खानेसुमारीत वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांवर गेली होती, एवढे सांगते. या गर्दीच्या पोटात प्राचीन शूर्पारक दडलेले आहे. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली येथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच परिसरात सापडला. रिक्षावाल्याला स्तूप ठाऊक नव्हता. ‘बुरुड राजाचा कोट’ म्हटल्यावर त्याने मान डोलावली. पाठ्यपुस्तकापेक्षा लोकांची जीभ अधिक टिकाऊ असते ती अशी.

सोपारा गाव संपते, गास मागे पडते, आणि मग एकाएकी काहीतरी बदलते. आधी ते डोळ्यांना कळत नाही, अंगाला कळते. हवा गार होते. रस्ता अरुंद होऊन वळणे घेऊ लागतो आणि दोन्ही बाजूंनी केळी, पोफळी आणि माड यांची दाटी अंगावर येते. कुंपणावर जास्वंदी, मध्येच सोनचाफा, त्यातून डोकावणारी कौलारू घरे. कुणाच्या पडवीत तुळशीवृंदावन, कुणाच्या अंगणात क्रूस. निर्मळला शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे आणि पवित्र क्रुसाचे चर्चही. कार्तिक वद्य एकादशीला यात्रा भरते तेव्हा दोन्हीकडची माणसे एकाच दुकानासमोर सुकेळ्यांची घासाघीस करताना दिसतात. शेजारधर्म म्हणून जो काही शब्द आपण वर्गात शिकवतो, तो येथे असा जिभेच्या चोचल्यांतून आलेला आहे.

सुकेळी म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी सांगायला हवे. राजेळी केळी पिकवून, सोलून, बरेच दिवस उन्हात वाळवायची. ती आक्रसतात, तांबूस होतात, आणि मग त्यांच्या अंगातली साखरच त्यांना टिकवते. वर साखर नाही, मीठ नाही, दुसरे कसलेही औषध नाही. केळीच्याच वाळल्या पानात बांधली की झाले. वसई-आगाशीचा हा खाऊ. याला लागणारे भांडवल म्हणजे राजेळीची बाग, कोरडे ऊन आणि कुणीतरी सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवायला मोकळे. यांतली पहिली आणि शेवटची वस्तू दुर्मीळ होत चालल्यामुळे सुकेळीही महाग होत चालली आहेत. यात्रेत मी अर्धा किलो घेतली. भाव ऐकून सासूबाईंना तो सांगायचा नाही असे ठरवले.

विद्यार्थिनीची वाडी निर्मळपासून चालत दहा मिनिटांवर. (ही मात्र खरी दहा मिनिटे.) घर सामवेदी ख्रिस्ती कुटुंबाचे. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, काका परदेशी, आणि घराचा कणा म्हणजे आजी: ऐंशीच्या पुढची, लाल लुगड्यातली, पाठीत थोडी वाकलेली, पण आवाजाने ताठ. आजी बोलते ती कादोडी. मराठीची प्राध्यापिका असूनही मला त्यातले निम्मेच कळत होते, आणि उरलेले नात मला समजावून देत होती. तिचे बोलणे मी येथे माझ्या मराठीत देते. त्यातला हेल देता येत नाही.

वाडी सारी पस्तीस गुंठ्यांची. माती रेताड, पायाला मऊ. रस्त्याच्या बाजूला केळी, त्यांच्या सावलीत अळू आणि हळद. मागच्या अंगाला मुळा, माठ, पालक यांचे वाफे. मांडवावर वालपापडी आणि दुधी. विहिरीशी चार सोनचाफे. आजी म्हणाली की तिच्या सासऱ्यांच्या वेळी येथे पानवेलीही होत्या आणि विहिरीवर बैलांचा रहाट होता. त्याच्या गाडग्यांचा कुरकुराट ऐकत मुले झोपत. आता पंप आहे. पंपाने बैलाचे कष्ट वाचले, हे चांगलेच. पण रहाट विहिरीतून जेवढे झिरपेल तेवढेच उपसत असे, आणि पंपाला तो विवेक नाही.

या पट्ट्यातली खरी संपत्ती पाणी आहे. अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तरी विहिरीचे पाणी गोड. पावसाचे पाणी रेतीतून मुरते आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. वरून गोडे पाणी फार उपसले, किंवा ते मुरायचेच बंद झाले, की खालचे खारे वर चढते. आणि एकदा विहीर मचूळ झाली की तिला पुन्हा गोड करायला वर्षानुवर्षे लागतात. हे पाणी मुरावे म्हणून जुन्या लोकांनी वाडीवाडीत बावखले राखली. बावखल म्हणजे वाडीतले छोटे, मानवनिर्मित तळे. पावसाळाभर ते भरते आणि नंतर आसपासच्या विहिरींना हळूहळू पाजत राहते. आजीच्या वाडीतही एक आहे, रस्त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात. काठाला एक वाकडा माड, पाण्यावर शेवाळ आणि एक बगळा. दिसायला काही नाही. कुणीही म्हणेल, डासांचे आगर, बुजवून टाका.

अनेकांनी बुजवली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईतल्या विहिरींचे पाणी टँकरने नव्या वस्त्यांना आणि बांधकामांना जाऊ लागले, हिरव्या पट्ट्यावर इमारतींची सावली पडू लागली, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे अध्वर्यू. ‘सुवार्ता’ मासिकाचे हे संपादक पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ च्या जुलैत गेले. मराठीचा एक लेखक पाण्याच्या टँकरसमोर उभा राहतो ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. मुले टँकरच्या उल्लेखाने जागी होतात आणि मग पुस्तकाकडे वळतात. १९९० साली या भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे गेले, २००९ साली महानगरपालिका झाली. चळवळीमुळे पश्चिमेचा बराच पट्टा वाचला, पण वाचला म्हणजे काय, तर हळू हळू चालला आहे. २०१८ च्या जुलैत वसईत पाणी तुंबून वीज गेली, गाड्या बंद पडल्या, तेव्हा पाणी कुठे जात असे याची पुष्कळांना आठवण झाली. अलीकडे काही गावांतल्या तरुण मंडळींनी राहिलेली बावखले उपसून साफ करायला घेतली आहेत. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

दुपारी ओटीवर बसून आजीने मुळ्याच्या जुड्या बांधायला घेतल्या. केळीचे सोपट भिजवून त्याचा बंद. एका हाताने जुडी फिरवायची, दुसऱ्याने गाठ. मी दोन बांधल्या. त्या तिने काही न बोलता सोडून पुन्हा बांधल्या. हाताला काम देऊन ती बोलत होती.

“दुपारनंतर उपटायचं, विहिरीवर धुवायचं, जुड्या बांधायच्या, ओल्या फडक्याखाली ठेवायचं. पहाटे तीनला उठायचं. टोपली डोक्यावर, चुंबळ खाली, आणि स्टेशन गाठायचं. लगेजच्या डब्यात आम्ही साऱ्या बाया. गाडीत रोजरी म्हणायची, मग एखादी डुलकी. पार्ल्याला उतरलं तेव्हा उजाडायला लागलेलं असायचं.”

म्हणजे संध्याकाळी जमिनीतून निघालेला मुळा सकाळी आठ वाजता पार्ल्याच्या चुलीवर. शंभर वर्षांची सर्वांत ताजी भाजी, आणि तिला बर्फाची पेटी लागली नाही.

“गिऱ्हाईक ठरलेलं?” मी विचारले.

“तेवीस घरं. कुणाच्या सुनेला दिवस गेले ते मला आधी कळायचं,” आजी म्हणाली. “आंबट चुका मागायला लागली की समजायचं. एक मास्तरीणबाई महिन्याचे पैसे पगाराला द्यायच्या. पुढं त्यांच्या मुलाचा पगारही बघितला. आणि त्या घरातला म्हातारा रोज माझ्याशी भांडायचा, एका पैशासाठी. तो गेला त्या दिवशी मी टोपली तशीच परत आणली.”

मुंबईचा घाऊक भाजीबाजार पूर्वी भायखळ्याला होता. तो वाशीला गेल्यापासून शहराची भाजी नाशिक-पुण्याकडून ट्रकने तिथे उतरते, तिथून दलालाकडे, त्याच्याकडून किरकोळ विक्रेत्याकडे किंवा मोठ्या दुकानांच्या गोदामांत. हे सारे वाईट आहे असे नाही. दीड कोट माणसांचे शहर वसईच्या टोपलीवर जगू शकत नाही, आणि जो कोणी तसे सांगतो त्याने कधी एका इमारतीचीही भाजी मोजलेली नाही. पण या रांगेत वसईच्या पस्तीस गुंठ्यांना उभे राहायला जागा नाही. व्यापारी एकाच जातीचा, एकाच मापाचा, टनावारी माल मागतो. येथे मिळणार चाळीस जुड्या मुळा, वीस माठ, एक पाटी वालपापडी. एवढ्यासाठी ट्रक वळत नाही. २०१६ साली सरकारने फळे-भाज्या बाजार समितीच्या बंधनातून मोकळ्या केल्या, शेतकऱ्याने थेट विकावे म्हणून. मोकळीक मिळाली, पण थेट विकायला पहाटे तीनला उठणारे माणूस लागते, आणि आजीचे गुडघे गेले आहेत.

तेव्हाच ती गोष्ट निघाली. रस्त्याकडेच्या बारा गुंठ्यांना एका बांधकामवाल्याची मागणी आली होती. काकांचा होकार होता, तोही दुष्टपणाने नव्हे. त्यांची मुले तिकडेच वाढलेली, इकडे येऊन मुळे कोण लावणार? वडिलांचे मन दोलायमान. रक्कम ऐकून मीही गप्प झाले. तेवढी मला पुरी नोकरी करूनही दिसणार नाही. आणि त्या बारा गुंठ्यांतच ते बावखल होते. ते बुजले तर मागच्या तेवीस गुंठ्यांची विहीर किती वर्षे गोड राहील, हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको होता. शेजारच्या वाडीतली विहीर दाखवून आजी एवढेच म्हणाली, “तिच्या पाण्यात आता डाळ शिजत नाही.”

विद्यार्थिनी मला वेशीपर्यंत पोचवायला आली तेव्हा तिने तिचा बेत सांगितला. शनिवारी तिला सुट्टी असते. तिने आणि तिच्या आतेभावाने छोटा टेम्पो करून पार्ल्याला भाजी आणायची, घरोघर एक पिशवी: पाच भाज्या, एक पालेभाजी, मिळाल्यास अर्धी फणी केळी, साडेतीनशे रुपये. काय येईल ते वाडी ठरवणार, गिऱ्हाइकाने निवडायचे नाही. २०२० च्या टाळेबंदीत असे पुष्कळांनी केले होते. दुकाने उघडल्यावर गिऱ्हाइके पांगली. तिचा हिशेब वहीत मांडलेला होता. टेम्पोचे भाडे आणि दोन मजुरांची मजुरी निघायला तीस घरे लागत. तीस घरे वर्षभर टिकली, तर वाडी पोट भरते असे बाबांना दाखवता येईल. “आणि नाही टिकली तर?” मी विचारले. “तर बाबा काकांना हो म्हणतील,” ती म्हणाली. तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितले.

निघताना आजीने अळूचे चार कंद माझ्या पिशवीत टाकले. “बादलीत लाव. पाणी घाल. बाकी काही करू नको.” यात शहरी बागवानांविषयीचे तिचे सारे मत आले.

येथे घरच्या भाजीविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६५ सालच्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर धरला होता. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून दहा गुंठ्यांत कुटुंब कसे जगेल याचा ध्यास घेतला. मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या केरातूनच भाज्या-फळे उभी राहिली. ही मोठ्यांची उदाहरणे. माझी गच्ची म्हणजे सहा फूट बाय तीन फुटांची बाल्कनी. तीत अळू बादलीतून उतू गेला, पुदिना कुणाच्या बापाला ऐकेना, आणि वांग्याच्या दोन कुंड्यांनी सबंध हंगामात अकरा वांगी दिली. माती, खत आणि कुंड्यांचा खर्च मांडून माझ्या मुलाने एका वांग्याची किंमत काढली. ती मी येथे छापू इच्छीत नाही. बाल्कनीने घर पोसले जात नाही. मात्र बारावे वांगे किडक्याने नेले त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घातलेली नाही.

मार्गशीर्षात पिशव्या सुरू झाल्या. आमची आणि शेजारची इमारत मिळून बेचाळीस घरांनी नावे दिली. पहिले दोन महिने वर्णन करावे असे होते. शनिवारी सकाळी जिन्याखाली पिशव्या ओळीने मांडल्या जात आणि एरवी एकमेकींना लिफ्टमध्ये फक्त मान हलवणाऱ्या बायका पापडीच्या शेंगांवरून तासतासभर बोलत. कुणी पोपटी वालाची उसळ, कुणी देठांची भाजी. सासूबाई तर रोज शनिवारची वाट पाहू लागल्या. माठाच्या देठांवर त्यांनी जिन्यातच एक व्याख्यान दिले, ते माझ्या व्याख्यानांपेक्षा चांगले ऐकले गेले.

मग तक्रारी. “पुन्हा मुळाच?” “ढबू मिरची का नाही?” “पालकात अळी निघाली.” या शेवटच्या तक्रारीवर सासूबाईंचे उत्तर ठरलेले होते: “अळीनं खाल्लं म्हणजे तुम्हालाही खाता येईल.” उन्हाळ्यात पालेभाजी आटली तेव्हा पाच घरे गेली. पावसाच्या तोंडावर पूर्वेच्या डोंगरातल्या वारली बायकांकडून शेवळे आली, बरोबर काकडेही; ज्यांना ती ठाऊक होती ती घरे हरखली आणि ज्यांना नव्हती त्यांनी न शिजवता कचऱ्यात टाकली. श्रावणात पडवळ, शिराळी, दुधी, काकडी आणि अळू, पुन्हा पडवळ, शिराळी, दुधी. एका पावसाळी शनिवारी रस्ते तुंबून टेम्पो दुपारी तीनला पोचला. त्या आठवड्यात एकदम सात घरांनी नावे काढली. मी त्यांना दोष कसा देऊ? घरात दोन लहान मुले आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यात तीनदा दुधी हा उपदेश म्हणून चालत नाही.

पण काही घरे आली. तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या काकांनी अर्धी पिशवी मागितली आणि ती मिळाली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांनी एक पिशवी वाटून घ्यायला सुरुवात केली. नातीने भाज्यांबरोबर आजीने सांगितलेल्या पाककृतींचा कागद ठेवायला सुरुवात केली. शुद्धलेखन मी तपासते. आजीचे कादोडी शब्द मात्र तसेच ठेवते, आणि त्यांचे अर्थ लोक तिला फोन करून विचारतात.

आश्विनात वाफ्यांत पुन्हा मुळा वर आला आहे. परवा विद्यार्थिनीचा फोन आला. काका दिवाळीनंतर येणार आहेत, आणि मोजणीदाराला बोलवायचे की नाही हे तेव्हा ठरेल. वडील वही मागून घेतात आणि काही न बोलता परत देतात, असे ती म्हणाली. “बाई, आपली घरं किती राहिली?”

मी मोजली. सत्तावीस. तिसऱ्या मजल्यावरचे नवे बिऱ्हाड अजून विचारलेले नाही, शेजारच्या इमारतीतल्या त्या डॉक्टरीणबाई पावसाळा संपल्यावर बघू म्हणाल्या होत्या, आणि ढबू मिरचीवाल्या बाईंचा राग एव्हाना निवळला असावा. आजीने पिशवीबरोबर पाठवलेल्या सुकेळ्यांतली थोडी मी बाजूला ठेवली आहेत. उद्या संध्याकाळी तिघींकडे जाऊन येणार आहे.